न घेतलेली कुपनं

माझं शुद्धलेखन चुकेल आणि अक्षर वाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण कुणाच्या हाती लागलंच तर त्याने समजून घ्यावं. मे महिन्यात शिक्षकांच्या शिबिराला आलेल्या बाई म्हणाल्या होत्या, लिहायला बसल्यावर आधी माफी मागू नका, माफी मागत बसलं की लिहायचं राहून जातं. मला ते पटलं होतं. तरी सवय जात नाही. हे कागदही त्याच शिबिरातले आहेत. एका बाजूला छापलेलं आहे, दुसरी कोरी होती, म्हणून शेवटच्या दिवशी झाडताना उचलून आणले.

ते शिबिर भाट्याच्या पुलाच्या अलीकडच्या एका शाळेत भरलं होतं. सुट्टीत जिल्हाभरातले शिक्षक बोलावले होते. मुलांना लिहायला कसं शिकवावं, हे त्यांना शिकवायचं होतं. जेवणाचं काम मला मिळालं. मी त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते, म्हणून तिथल्या मोठ्या सरांनी माझं नाव सुचवलं. पण शिबिराचं जेवण म्हणजे सामान आपलं, गॅस आपला, मदतीच्या बाईची मजुरी आपण द्यायची आणि बिल मागाहून. माझ्याजवळ तेवढे पैसे कुठले? आमचे घरवाले दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. मे संपत आला की बोटी किनाऱ्याला लागतात आणि हात रिकामे होतात.

आमच्या वाडीत बायकांचा गट आहे. दर महिन्याला सगळ्याजणी थोडे थोडे पैसे टाकतो आणि गणपतीच्या आधी वाटून घेतो. कुणी मासळी विकते, कुणी बागेत आंबे भरायला जाते. त्या वाटपावरच प्रत्येकीचा गणपती उभा राहतो. मूर्ती, नारळ, गूळ, मुंबईहून येणाऱ्या माणसांचं जेवणखाण. मधे कुणाला गरज लागली तर गट पैसे देतो, पण वाटपाच्या आत ते परत यायलाच हवेत. मी पैसे मागितले तेव्हा बायका तयार नव्हत्या. आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "द्या तिला. तिने नाय दिलान तर मी देईन." त्यांच्या शब्दावर पैसे मिळाले.

शिबिराचे सर मला आदल्या दिवशी भेटले. त्यांनी गुलाबी कुपनं दाखवली, त्यावर शिक्का होता. प्रत्येक शिक्षकाला रोजची कुपनं मिळणार, जेवायला येताना त्याने एक द्यायचं. "कुपन असेल तरच वाढायचं," ते म्हणाले. "जेवढी कुपनं, तेवढं बिल. कळलं ना?" मी मान हलवली. खरंच कळलं होतं.

पण पहिल्या दिवशी दुपारी मंडळी घामाने निथळत आली, ताटं घेऊन ओळीत उभी राहिली, आणि मला कुपन मागवेना. मुळात मी बुजरी. त्यात सासूबाईंनी लग्नानंतर पहिली गोष्ट शिकवली होती, ती ही की जेवायला आलेलं माणूस मोजायचं नाही. पानं किती मांडली, हे वाढणाऱ्या बाईने विचारायचं नाही. मोजलं की अन्नाला तूट येते. आमच्याकडे पूजा असो की बारसं, तांदूळ आम्ही मुठीने घेतो आणि वर एक मूठ टाकतो. आकडा कुणी तोंडाने काढत नाही. हात पुढे करून "कुपन द्या, मग भात देते" म्हणायचं, ते मला दारात आलेल्याला हाकलल्यासारखं वाटलं. मी पाण्याच्या पिंपाशेजारी एक स्टीलचा डबा ठेवला. ज्याला आठवेल तो टाकील. काहींनी टाकली. पुष्कळांच्या एका हातात ताट आणि दुसऱ्यात पेला होता. ते म्हणाले, "मावशी, नंतर देतो हं," आणि मीच म्हणत गेले, "असू दे, नंतर द्या."

कुणी मुद्दाम बुडवली असं नाही. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण नंतर वाडीतल्या बायका मास्तरांना फार बोलल्या.

स्वयंपाकाच्या खोलीची खिडकी त्यांच्या हॉलमध्ये उघडायची. फणसाची भाजी चिरताना मला आतलं सगळं ऐकू यायचं. शिकवायला आलेल्या बाई देशावरच्या होत्या, त्यांचं बोलणं ठाशीव. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, शाळेला जाण्याच्या वाटेवरचं काहीतरी लिहा. सगळे खाली माना घालून लिहायला लागले. मग त्यांनी एकेकाला वाचायला लावलं. पहिल्याने वाचलं, "माझी शाळा निसर्गरम्य परिसरात वसलेली आहे." दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्या बाईंनी निसर्गरम्यच्या आधी अत्यंत लावलं होतं, एवढंच. सातआठ झाल्यावर त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही सगळे एकाच शाळेत नोकरीला आहात का?" हॉल हसला. मलाही हसू आलं, मी पदर तोंडाला लावला.

मग त्या म्हणाल्या, आधी शेजाऱ्याला सांगा. जसं घरी सांगता तसं. मग ज्याला सांगितलं तो डोळ्यासमोर ठेवून तेच कागदावर उतरवा. चुका शेवटी बघू. मुलांनासुद्धा असंच करायला द्या, फळ्यावरचा निबंध उतरवायला लावू नका. मी भाजी चिरता चिरता ऐकत होते. आमच्या चौथीच्या गुरुजींनी फळ्यावर निबंध लिहून दिला होता, गाय. तो मला अजून पाठ आहे. आमच्याकडे गाय नव्हती.

केळशीकडचे एक गुरुजी होते. पन्नाशीचे, अंगाने दांडगे. लिहायची वेळ झाली की ते मागच्या दाराने माझ्याकडे यायचे.

"मावशी, चहा आहे?"

"आहे."

"आत काय चाललंय?"

"लिहितायत सगळी."

"म्हणूनच बाहेर आलो."

शेगडीपुढच्या पाटावर बसून ते चहा फुंकत राहायचे. एकदा आपणहून म्हणाले, "इतकी वर्षं पोरांना लिहा लिहा म्हणून ओरडलो. स्वतः पगाराच्या अर्जाशिवाय काही लिहिलं नाही मावशी. हात उचलत नाही बघा." मग नोकरीच्या पहिल्या वर्षीची गोष्ट सांगायला लागले. होडीने खाडी ओलांडून शाळेला जायचे. होडीवाला बोलायचा नाही, पण यांना उशीर झाला तर भरती उतरू लागली तरी थांबायचा. तो वारला तेव्हा यांना गावातून कुणी कळवलं नाही आणि हे तिन्हीसांजेपर्यंत किनाऱ्यावर उभे. शिकवणाऱ्या बाई चहाला आल्या होत्या, त्या दारातच थांबून ऐकत होत्या.

"गुरुजी, हे लिहा."

"हे? हे कोण वाचेल बाई?"

"मावशींना सांगितलंत ना? त्यांना लिहा."

ते माझ्याकडे बघायला लागले. मी वळून आमटी ढवळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा आत शांत झालं होतं. माझ्या हातातला डाव मी खाली ठेवला नाही, वाजला असता म्हणून.

शेवटच्या दिवशी मी आमरस आणि तांदळाची घावनं केली. ते ठरलेलं नव्हतं. पण पाहुणे जाताना गोड घालायचं असतं. मंडळी गाडीच्या घाईत जेवली, "मावशी, तुमच्या हाताच्या चवीला तोड नाही" म्हणत निघाली. केळशीच्या गुरुजींनी कुळथाच्या पिठासाठी माझ्या मुलीच्या फोनमध्ये आपला नंबर घातला. सगळे गेल्यावर मी डबा उघडला. तळाला गुलाबी कागद होते, पण जेवढ्या माणसांना मी वाढलं त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. मी डबा हलवून बघितला. मग पिंपामागे बघितलं. मग ताटं धुतलेल्या पाण्यात.

शिबिराच्या सरांकडे गेले. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं मावशी." तरी पुढे म्हणाले, बघतो काहीतरी. पण जूनमध्ये त्यांची बदली झाली आणि त्यांच्या जागी दुसरे साहेब आले. त्यांनी मला कधी बघितलेलं नव्हतं. मी त्यांच्या कचेरीत गेले की दाराजवळच्या बाकड्यावर बसायची. हाक मारल्याशिवाय आत जायचं मला जमत नाही, आणि हाक कुणी मारायचं नाही. शेवटी एका कारकुनाने विचारलं तेव्हा मी कुपनं पुढे ठेवली.

"एवढीच?"

"माणसं जास्त होती."

"हजेरीला होती मावशी, पण जेवली कशावरून? कित्येक जण डबा आणतात, कित्येक बाहेर जेवतात. कुपन आणा, पैसे देतो. माझ्या खिशातून जायचे नाहीत."

तो वाईट बोलला नाही. नियम सांगितला. मी "बरं" म्हणून बाहेर आले आणि भांबावून कुपनंही तशीच उचलून आणली. त्या पायऱ्यांवर मला वाटलं, सांगावं की फणस केवढा होता, दोन बायका चिरत होत्या तरी दुपार झाली. पण ते तर पुराव्यात बसत नव्हतं.

श्रावणात जाऊबाईंच्या पडवीत गटाची बैठक झाली. मी कोपऱ्यात बसले. मासळी विकणारी शेजारीण सगळ्यांत आधी बोलली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे आणि घर तिच्यावर.

"पैशाचा काय झाला गो?"

"मिळतील."

"कधी? गणपती पाण्यात गेल्यावर?" ती इतरांकडे वळली. "हिने मास्तरांना आमरस घातलान. ते ढेकर देऊन गेले. आता आमच्या गणपतीपुढे आम्ही काय ठेवायचा, मास्तरांचा ढेकर?"

बायका हसल्या. एकजण हळूच म्हणाली, "कुपन मागायला काय तोंड दुखत होता?" जाऊबाई खाली मान घालून सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझी बाजू घेतली नाही. मी चुकले असंही म्हणाल्या नाहीत.

ते दिवस मला नीट लिहिता येत नाहीत. घरात मुलीला एका शब्दावरून मारलं. घरवाले समोर बसले की मला राग यायचा आणि ते उठून गेले की रडू. वाडीतून पाणी आणायला जायचं तर विहिरीवर बायका असतील म्हणून दुपारी उन्हापावसात जायची. एकदा कचेरीतून परत येताना भाट्याच्या पुलावर थांबले. खाली खाडीचं पाणी लाल होऊन वाहत होतं. किती वेळ बघत होते कळलं नाही. मागून एसटीने भोंगा दिला, ड्रायव्हर म्हणाला, "बाय, कडेला हो." मी कडेला झाले. मग कठड्याला धरून चालत आले. घरी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चुलीसमोर बसले होते. त्याच पाटावर केळशीचे गुरुजी आहेत असं मनात आणलं. शाळेतला पाट वेगळा, हा आमच्या घरचा, पण मनात आणलं. आणि मोठ्याने बोलायला लागले. मुलगी आतून म्हणाली, "आई, कुणाशी बोलतेस?" मी म्हटलं, "कागद आण." जसं बोलले तसं लिहिलं:

"गुरुजी, मी शिबिरातली जेवण करणारी मावशी. तुम्ही सगळे पोटभर जेवलात याचा मला आनंद आहे. पण मी कुपनं घेतली नाहीत. जेवणारी माणसं मोजायची आमच्यात पद्धत नाही आणि मला मागायची लाज वाटली. मी गटाचे पैसे घेऊन सामान आणलं होतं. ते परत दिले नाहीत तर आमच्या वाडीतल्या बायकांचा गणपती अडतो. कुणाच्या खिशात, पिशवीत कुपन राहिलं असेल तर द्यायला सांगा. नसेल तर राहू दे. राग नाही."

मुलगी म्हणाली, चुका सुधारून देते. मी म्हटलं, नको, आधी जाऊ दे. ती हसली नाही. तिने फोनने कागदाचा फोटो काढून पाठवला.

संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. ते एकटेच बोलले. "मावशी, माझी सगळी माझ्याच पाकिटात आहेत की हो! मी काय समजलो, ती आठवण म्हणून ठेवायची असतात." मग म्हणाले, "तुमचा कागद मी सगळ्यांना पाठवतो. पाठवू ना? नाव नाही घालत." मी हो म्हटलं. जिल्हाभरातले मास्तर माझं अक्षर वाचणार.

कुपनं यायला लागली. केळशीची पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे दिली होती, घरवाले स्टँडवर जाऊन घेऊन आले. वेळणेश्वरकडच्या एका बाईंनी आपली आणि आपल्या दोन मैत्रिणींची पाठवली, सोबत घरचं कोकम. काही कुपनं आमटीच्या डागाची होती. काही पॅण्टच्या खिशात धुतली जाऊन लगदा झालेली, पण शिक्का दिसत होता. पुष्कळांनी कळवलं की सापडत नाहीत, शोधलं, माफ करा. एकजण म्हणाला, आम्ही सगळे मिळून पैसे गोळा करून देतो. मी नको म्हटलं. जेवायला घालून नंतर त्या माणसाकडून हातात पैसे घ्यायचे, हे मला जमलं नसतं. कदाचित ते घ्यायला हवे होते. जाऊबाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुझा हा मोठेपणा कुणाच्या जिवावर गो?"



डब्यातली आणि ही, सगळी कुपनं कचेरीत दिली. कारकून म्हणाला, मुदत गेली, आता हे पुरवणी बिल झालं, मंजुरी वरून येणार, गणपतीच्या आधी शक्य नाही. मी बाकड्यावर परत जाऊन बसले. उठून गेले तर हे खरं होईल असं वाटत होतं.

वाटपाच्या दिवशी मी गेले नाही. मुलगी जाऊन आली. म्हणाली, सगळ्यांना पूर्ण मिळाले. काकीने घरातून पैसे आणून घातले, आणि काकीचा आणि तुझा वाटा गटातच ठेवला. ते पैसे कुठले, ते मला माहीत होतं. त्यांच्या घराचे वासे किडलेत. ते बदलण्यासाठी त्या कोंबड्या विकून, काजू बिया विकून साठवत होत्या. त्या पावसात त्यांच्या माजघरात पातेली लावलेली होती.

मी त्यांच्याकडे गेले. पायाला हात लावायला वाकले तर त्या मागे सरल्या.

"देईन वैनी. सगळे देईन."

"दे. पण तोवर माझ्याशी बोलू नको. माझ्या तोंडून कायतरी वाकडं जाईल, आणि सणाच्या दिवसांत ते नको."

आमचा गणपती एकच असतो, मोठ्या घरात, म्हणजे त्यांच्याकडे. त्यामुळे चतुर्थीला आम्ही दोघी एकाच परातीपुढे बसून मोदक केले. त्या उकड मळायच्या, मी पारी करायची. उकड कोरडी झाली की त्या परात माझ्याकडे सरकवायच्या, मी पाण्याचा हात लावून ती परत सरकवायची. मुंबईहून आलेल्या पुतणीने विचारलं, "तुम्ही दोघी गप्प का?" जाऊबाई म्हणाल्या, "मोदक फुटतो बोलला की." माजघरातल्या पातेल्यात टप टप पाणी पडत होतं. माझ्या मोदकांना त्या वर्षी एकही कळी नीट पडली नाही. जाऊबाईंनी ते वेगळे काढले नाहीत, आपल्या मोदकांतच उकडायला ठेवले.

दिवाळी झाल्यावर बिलाचे पैसे खात्यात आले. आलेल्या कुपनांएवढे. ते तसेच नेऊन जाऊबाईंच्या हातात दिले. जी कुपनं आलीच नाहीत त्यांचे पैसे फेडायचे राहिले होते. त्यासाठी मी शाळेची खिचडी झाल्यावर काजू फोडायला जायला लागले. टरफलाचं तेल बोटांना लागतं, कातडी काळी होऊन सोलून निघते. लिंबू, राख, खोबरेल, सगळं लावते, फरक पडत नाही. आठवड्याचा पगार झाला की तो त्यांच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि निघायची. त्या उचलायच्या. आम्ही दोघी त्या उंबऱ्यापाशी अशा हिवाळाभर भेटलो.

मधे केळशीच्या गुरुजींचा फोन आला होता. त्यांच्या शाळेतली मुलं आता आपल्या वाटेवरचं लिहितात, फळ्यावरून नाही. एकाने खेकड्यावर लिहिलं, म्हणे, पानभर. मला आनंद झाला. बोटं दुखत होती म्हणून फोन खांद्याने धरला होता. पैशांचं त्यांनी विचारलं, मी "झालं सगळं" म्हटलं. तेव्हा झालेलं नव्हतं.

शिमग्याची पालखी वाडीत यायच्या आधी शेवटचे पैसे जमले. दुपारची गेले. जाऊबाई पडवीत बांगडे साफ करत होत्या. मी पैसे उंबऱ्यावर ठेवले नाहीत, हातातच धरून उभी राहिले. त्या बघत राहिल्या. मग उठल्या, हात राखेने घासून धुतले, पदराला पुसले.

"हे शेवटचे, वैनी."

"मोजते हा. राग मानू नको."

"मोजा."

त्यांनी बोट ओलं करून नोटा मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या, सावकाश. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. वरच्या वाशातून पिठासारखा भुसा त्यांच्या केसांत पडला, तो त्यांनी झटकला नाही.

"फिटले," त्या म्हणाल्या. "सगळे फिटले गो."